उडून जाणारा साक्षीदार

1923 च्या मार्चमधली गोष्ट. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्गच्या तळ्यांवर अर्न्स्ट मायर नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला एक बदक दिसले. डोके तांबूस, चोच लालभडक. त्याने घरी येऊन पुस्तके चाळली आणि ठरवले की ही मोठी लालसरी. आपल्याकडे हिवाळ्यात मोठ्या जलाशयांवर हे बदक थव्याने येते, तेव्हा त्यात नवल ते काय, असे आपल्याला वाटेल. पण जर्मनीच्या त्या प्रांतात 1845 नंतर ते कोणी पाहिल्याची नोंद नव्हती. गावच्या पक्षिमंडळात वाद पेटला. अखेर एकाने सुचवले की बर्लिनमध्ये माझा एक वर्गमित्र आहे, एर्विन स्ट्रेझमान, त्याला जाऊन भेट. मायर डॉक्टरकी शिकायला ग्राइफ्सवाल्डला निघालाच होता. बर्लिन वाटेतच होते.

स्ट्रेझमान बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात पक्षिविभाग सांभाळत. त्यांनी मुलाची चांगली उलटतपासणी घेतली. काय दिसले, किती अंतरावरून, दुसरे कोणते बदक असू शकले असते आणि ते नव्हते कशावरून. मुलगा टिकला. स्ट्रेझमान यांनी त्याची नोंद तर मान्य केलीच, शिवाय सुट्टीत संग्रहालयात काम करायला ये म्हणून बोलावले. पुढे त्याला वैद्यक सोडायला लावले. 1926 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मायरला बर्लिनची डॉक्टरेट मिळाली. विसाव्या शतकातल्या उत्क्रांतिविज्ञानातले एक मोठे नाव अशा रीतीने एका बदकामुळे जीवशास्त्राकडे वळले.

मला या गोष्टीत बदकापेक्षा ती उलटतपासणी महत्त्वाची वाटते. पक्ष्यांचा अभ्यास विद्यापीठात शिकवतात म्हणजे नेमके काय शिकवतात, असे लोक विचारतात. बहुतेकांची समजूत अशी की तिथे शेकडो पक्ष्यांची नावे पाठ करून घेत असतील. नावे यावीच लागतात. ज्याला खाटीक आणि कोतवाल वेगळे ओळखता येत नाहीत त्याने पुढचे काही बोलूच नये. पण ते काम गावोगावचे हौशी निरीक्षक प्राध्यापकांपेक्षा चांगले करतात. विद्यापीठ शिकवते ते वेगळेच. जो साक्षीदार बोलत नाही, बोलावून येत नाही आणि आपण जवळ गेलो की उडून जातो, त्याच्याकडून पुरावा कसा मिळवायचा, आणि मिळालेल्या पुराव्यावर किती विश्वास ठेवायचा, हा खरा अभ्यासक्रम. बाकी शरीररचना, वर्तन, संवर्धन ही सगळी त्याची प्रकरणे.

भारतात या विषयाची सुरुवात झाली ती पदवी नसलेल्या माणसापासून. सालिम अली यांना झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात नोकरी हवी होती. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये ते प्राणिशास्त्र शिकले होते, पण रीतसर विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविभागात लोकांना माहिती सांगण्याची जागा मिळाली. पण ज्याची माहिती सांगायची त्याचे शास्त्र आपण शिकलेलो नाही, हे त्यांना टोचत होते. 1928 मध्ये रजा काढून ते बर्लिनला गेले आणि पोहोचले ते त्याच स्ट्रेझमान यांच्याकडे.

स्ट्रेझमान यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी पक्षिशास्त्राची दिशाच बदलायला घेतली होती. तोवर हे शास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारणे, कातडी भरणे, लेबल लावणे आणि चोचीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून नवी उपजात जाहीर करणे. स्ट्रेझमान म्हणत होते की पक्षी हा जीव आहे. त्याचे शरीर कसे चालते, तो कसा जगतो, त्याचे स्थलांतर कसे होते, हा जीवशास्त्राचाच भाग आहे. सालिम अलींनी बर्लिनमध्ये नमुन्यांवर काम केले, हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र पाहिले आणि 1930 मध्ये ते परत आले. मुंबईत उतरल्यावर कळले की पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली आहे. शिक्षण झाले आणि नोकरी गेली! जीवशास्त्रातल्या आजच्या संशोधक विद्यार्थ्यांना हे वाचून आपलेपणा वाटावा.

मुंबईत बेकार राहणे परवडत नव्हते, म्हणून अली पतिपत्नी अलिबागजवळ किहीमला, पत्नी तहमिना यांच्या माहेरच्या घरी राहायला गेले. पावसाळ्यात तिथे जवळच सुगरणींची वसाहत होती. हातात वेळच वेळ. सालिम अली रोज त्या घरट्यांसमोर बसू लागले.

सुगरण हा मराठी माणसाला परका पक्षी नव्हे. बहिणाबाईंच्या कवितेमुळे तो शाळेपासून घरातला झालेला असतो, आणि त्या कवितेतली सुगरण पिलांसाठी घर बांधणारी आई आहे. घरट्यात चिखलाचे गोळे लावून त्यात काजवे चिकटवले जातात, रात्री उजेड पडावा म्हणून, अशीही एक गोष्ट खेड्यापाड्यांत सांगतात. चिखल खरा आहे, काजवे नाहीत. आणि विणणारा नर असतो. किहीमला सालिम अलींना जे दिसले ते असे : नर भाताची, गवताची, शिंदीच्या झापांची लांबलचक पट्टी फाडून आणतो आणि शेकडो फेऱ्या मारून घरटे विणतो. खोली अर्धी विणून झाली, खालची नळी अजून नाही, या टप्प्यावर माद्यांची टोळी येते. माद्या घरट्यांत शिरून पाहणी करतात. एखादीला घरटे पसंत पडले तर ती तिथेच राहते, मग नर नळी पुरी करतो, मादी अंडी घालून उबवायला बसते. आणि नर? तो शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो. ते दुसरीला पसंत पडले तर ती त्याची दुसरी बायको. काही नरांच्या तीनही होतात. ज्यांची घरटी नापसंत होतात त्यांची ती अर्धवट लोंबकळत राहतात.

वसाहतीत अशी अर्धवट घरटी बरीच दिसतात. जो एकदाच येऊन पाहील त्याला त्यांचा अर्थ लागणार नाही. कोणते घरटे कोणत्या नराचे, त्यात कोणती मादी आली, ती किती दिवस टिकली, हे घरट्यागणिक लिहून ठेवले तरच ‘एका नराच्या एकामागून एक माद्या’ हे चित्र उभे राहते. 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. मला तरी सालिम अलींच्या सगळ्या जाडजूड ग्रंथांपेक्षा हा छोटा निबंध अधिक आवडतो. कारण त्यात ना बंदूक आहे ना मोठी मोहीम. एकच गाव, एकच जात, पण प्रश्न नेमका.

पुढे काय झाले ते पाहिले की विद्यापीठ या संस्थेचा उपयोग कळतो. पदवी नसलेले सालिम अली मुंबई विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले, आणि त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्याने, विजयकुमार आंबेडकर यांनी, विषय घेतला सुगरणींचाच. त्यांच्या प्रबंधाची ऑक्सफर्डच्या डेव्हिड लॅक यांनी वाखाणणी केली. त्याच सुमारास जॉन क्रूक या ब्रिटिश संशोधकाने सुगरणीच्या कुळातल्या आफ्रिका आणि आशियातल्या सुमारे 90 जाती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. 1964 मध्ये त्याने दाखवले की या कुळात लग्नाची रीत अन्नावर आणि अधिवासावर ठरते. जंगलात राहून किडे खाणाऱ्या जाती जोडीजोडीने, एकेकट्या, लपवलेल्या घरट्यात राहतात, कारण विखुरलेले अन्न पिलांना पुरवायला दोघेही लागतात. माळरानावर बी टिपणाऱ्या जाती थव्याने राहतात, वसाहती करतात आणि त्यांच्यात नराला अनेक माद्या असतात. बी पिकले की ते मुबलक असते. मादी एकटीही पिले वाढवू शकते, आणि मोकळा झालेला नर पुन्हा विणायला बसतो. किहीमच्या नराचे वागणे म्हणजे त्याचा चंचलपणा नव्हे. त्याच्या मागे गवताच्या बियांचे अर्थशास्त्र आहे. क्रूकचा हा अभ्यास वर्तनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या धड्यांत येतो.

तरी एक प्रश्न उरतोच. मादी नेमके काय पसंत करते? विणकाम की जागा? साधी बुद्धी म्हणेल विणकाम. एवढा खटाटोप उगाच का असेल? पुढच्या अभ्यासांत निघाले की जागेला अधिक महत्त्व आहे. उंचावरची, बारीक फांदीला टांगलेली, शत्रूला पोहोचायला अवघड अशी घरटी माद्या पसंत करतात. हे शोधायचे तर विणकामाचा दर्जा आणि जागेचा दर्जा वेगवेगळे मोजावे लागतात, कारण चांगला विणकर चांगली जागाही पटकावत असणार. एका कारणाला दुसऱ्यापासून सोडवून घेणे हे काम पाहून होत नाही, त्याला संख्याशास्त्र लागते. पक्ष्यांवर प्रेम आहे म्हणून या विषयाला आलेले विद्यार्थी इथे पहिल्यांदा कुरकुरतात.

वर्तनाच्या अभ्यासाला शिस्त दिली ती निको टिनबर्गेन या डच शास्त्रज्ञाने. 1949 पासून तो ऑक्सफर्डला होता. 1973 मध्ये त्याला कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळाले. 1963 च्या एका निबंधात त्याने म्हटले की एखादा प्राणी असा का वागतो, या एका प्रश्नात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि लोक एकाचे उत्तर दुसऱ्याला देऊन भांडत बसतात. सुगरणीचा नर का विणतो? पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या शरीरातली संप्रेरके वाढतात, वृषणे कैक पटींनी फुगतात, म्हणून. हे एक उत्तर. तो तरुणपणी विणण्याचा सराव करतो, म्हणून, हे दुसरे. निकोलस आणि एल्सी कोलियस या दांपत्याने सुगरणीच्या एका आफ्रिकी भाऊबंदाच्या पिलांना गवतपात्यांविना वाढवून पाहिले, तेव्हा मोठेपणी त्यांचे विणकाम कच्चे राहिले. म्हणजे ही कला नुसती जन्मजात नाही. विणल्याने मादी मिळते आणि पिले वाचतात, हे तिसरे उत्तर. आणि या कुळाच्या पूर्वजांपासून विणण्याची रीत कशी बदलत आली, हे चौथे. चारही खरी आहेत. कोणते विचारले आहे ते आधी ठरवायचे.

टिनबर्गेनचा स्वतःचा एक प्रयोग इतका साधा आहे की तो कुठल्याही वर्गात सांगावा. आपल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात येणाऱ्या काळ्या डोक्याच्या कुरवाची वीण युरोपात जमिनीवर होते. अंड्यातून पिलू बाहेर पडले की आईबाप ते रिकामे कवच चोचीत धरून दूर टाकून येतात. काही सेकंदांचे काम. पण तेवढ्या वेळात घरटे उघडे पडते आणि शेजारचा कुरव पिलू गिळतो, मग ही जोखीम कशासाठी? टिनबर्गेन आणि सहकाऱ्यांनी अंडी उघड्यावर मांडली, काहींच्या जवळ फुटके कवच ठेवले, काहींच्या जरा दूर. कवच जितके जवळ तितकी कावळ्यांनी आणि कुरवांनी अंडी अधिक पळवली. कवचाचा आतला पांढरा रंग चोराला पत्ता सांगत होता. आणखी एक बारकावा असा की कुरव कवच लगेच उचलत नाही, तो पिलू वाळेपर्यंत थांबतो. ओले पिलू शेजाऱ्याच्या घशाखाली सहज उतरते, वाळून पिसे फुलली की तेवढे सोपे राहत नाही.

आता मेलेल्या पक्ष्यांकडे वळू, कारण त्यांच्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. संग्रहालयातल्या खणांत कापूस भरलेले पक्षी ओळीने पडलेले असतात. प्रत्येकाच्या पायाला लेबल : कुठे, कधी, कोणी. नव्या विद्यार्थ्याला ती खोली उदास वाटते. पण शंभर वर्षांपूर्वी एखादा पक्षी कुठे होता याचा हातात धरता येईल असा पुरावा दुसरा नाही. अर्थात लेबल खरे असेल तर.

वनपिंगळ्याची कथा इथे सांगायलाच हवी, कारण ती आपल्या खानदेशातली आहे. 1873 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी (काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच) या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने जमले. 1884 नंतर पक्षी दिसेना. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश कर्नलाच्या संग्रहातला एक नमुना पुढे आला, ज्याचे लेबल सांगत होते : 1914, मांडवी, तापीकाठ, गुजरात. म्हणजे पक्षी 1914 पर्यंत होता आणि तो गुजरातेत शोधायचा, असे सगळे धरून चालले. तिथे तो कोणाला सापडला नाही.

1990 च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होत्या. त्यांना माइनर्ट्झहागेनच्या नमुन्यांचा संशय आला. नायजेल कॉलर यांच्यासह त्यांनी त्या पिंगळ्याचा एक्स-रे काढला, शिवण तपासली, आतला भरणा पाहिला. जुना भरणा काढून कातडी पुन्हा भरलेली होती आणि मूळच्या भरणीची खूण राहून गेली होती. तो नमुना 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि नवे लेबल लावलेला निघाला. 1999 मध्ये त्यांनी हे छापले. पण त्याआधीच, पिंगळ्याच्या शोधाला निघताना, त्यांनी एवढेच केले होते की खोटे लेबल बाजूला ठेवले आणि खरी ठिकाणे धरली. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानात, भर दिवसा निष्पर्ण झाडावर बसलेला वनपिंगळा दिसला. 113 वर्षांनी. हा पिंगळा दिवसा सक्रिय असतो, उघड्यावर बसतो. मग इतकी वर्षे दिसला कसा नाही? कारण बघणारे भलत्याच जिल्ह्यात बघत होते.

त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तोरणमाळ परिसरात त्याच्या जगण्याचा अभ्यास सुरू केला, मेळघाटात तो चांगल्या संख्येने मिळाला, आणि 2014 मध्ये तर मुंबईपासून दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात दिसला. 2018 मध्ये जागतिक यादीत त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली. पक्षी वाढले म्हणून नव्हे. तो कुठे कुठे आहे हे नीट कळले म्हणून.

शरीरशास्त्राबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर जाडे ग्रंथ आहेत. पण पक्ष्याच्या श्वासाचे आश्चर्य सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने बाहेर जाते, त्यामुळे शिळी हवा थोडी आतच राहते. पक्ष्याचे फुप्फुस आकुंचन-प्रसरण पावतच नाही. त्याच्या मागेपुढे वायुकोश असतात, बहुतेकांत नऊ, आणि ते भात्याचे काम करतात. आत घेतलेली हवा आधी मागच्या कोशांत जाते, उच्छ्वासाच्या वेळी तिथून फुप्फुसात, पुढच्या श्वासाला पुढच्या कोशांत, आणि त्यानंतरच्या उच्छ्वासाला बाहेर. एका घोटाला दोन पूर्ण श्वास लागतात, पण फुप्फुसातून हवा सतत एकाच दिशेने वाहते, ताजी.

याच जोरावर पट्टकादंब हे हंस हिमालय ओलांडतात आणि हिवाळ्यात आपल्या नांदूर-मधमेश्वरला उतरतात. ते एव्हरेस्टच्या वरून जातात, अशी एक लाडकी दंतकथा आहे. संशोधकांनी या हंसांवर उपग्रहाने माग काढणारी यंत्रे बसवली तेव्हा सर्वाधिक नोंदलेली उंची निघाली सुमारे 7,290 मीटर, आणि बहुतेक उड्डाणे त्याहून बरीच खाली. 2015 मध्ये हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रांनी दाखवले की हंस उंची गाठून तिथेच राहत नाहीत. डोंगराच्या चढउताराला धरून वरखाली करत जातात, कारण विरळ हवेत उंचीवर टिकून राहणे महागात पडते. दंतकथा गेली खरी. पण दरी आली की खाली उतरून पुन्हा चढ चढणारा हंस मला एव्हरेस्टवरून जाणाऱ्यापेक्षा जास्त शहाणा वाटतो.

काही उत्तरे मात्र यंत्राने मिळत नाहीत, त्यांना वर्षे द्यावी लागतात. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात डेव्हिड लॅक यांनी 1947 मध्ये टिट पक्ष्यांसाठी पेट्या टांगल्या आणि अंडी मोजायला सुरुवात केली. ते काम आजही चालू आहे. पहिल्या पिढीचे अभ्यासक वारले, पक्ष्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. लॅक यांचा प्रश्न होता की पक्षी नेमकी एवढीच अंडी का घालतो, आणि त्यांचे उत्तर होते की आईबाप जेवढी पिले पोसू शकतील तेवढी. हवामानबदल हा शब्द तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पण त्या वह्यांमुळेच आज माहीत आहे की 1960 च्या दशकापासून या पक्ष्यांची अंडी घालण्याची तारीख सुमारे दोन आठवड्यांनी अलीकडे आली. ज्या प्रश्नासाठी मोजणी सुरू होते त्याच प्रश्नाला ती उपयोगी पडेल असे नसते. आपल्याकडे संशोधनाचा निधी तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत मिळतो, आणि असे सलग काम उभे राहत नाही. ही आपल्या पक्षिशास्त्राची सर्वांत मोठी उणीव, असे माझे मत आहे.

आज भारतात हा विषय शिकायचा तर ‘पक्षिशास्त्र’ नावाचा स्वतंत्र विभाग शोधू नये. वाटा आडून जातात : डेहराडूनची वन्यजीव संस्था, बंगळूरुच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधनसंस्थेतला वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम, कोइमतूरजवळचे सालिम अली केंद्र, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, किंवा साध्या प्राणिशास्त्र विभागातला एखादा उत्साही मार्गदर्शक. दुसरीकडे हौशी निरीक्षकांनी एवढी माहिती जमवली आहे की 2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा राहिला. त्यात 942 जातींचा आढावा आहे आणि 178 जाती तातडीने लक्ष द्यावे अशा ठरल्या. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख सर्रास दिसतो असे आपण धरून चालतो, पण त्याचीही संख्या उतरणीला लागली आहे. आकडा एवढेच सांगतो की घट झाली. का झाली, हे काढायला कोणाला तरी चार-पाच वर्षे एका पक्ष्यामागे घालवावी लागतात.

गिधाडांच्या बाबतीत ते घडले, आणि पक्षिसंवर्धनाच्या वर्गात आज जगभर तेच उदाहरण शिकवतात. 1980 च्या दशकात विभु प्रकाश हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. गिधाडे तेव्हा इतकी होती की ती मोजणे हा कोणाला अभ्यास वाटला नसता. त्यांनी मोजली. दहा वर्षांनी पुन्हा मोजली तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक घट. झाडांवर गिधाडे मान खाली टाकून दिवसेंदिवस बसलेली दिसत आणि मग खाली पडत. 1980 च्या दशकातले आकडे नसते तर ‘हल्ली गिधाडे कमी दिसतात’ एवढेच लोक म्हणत राहिले असते. म्हणत होतेच. मुंबईत डुंगरवाडीवर मृतदेह गिधाडांच्या हवाली करणाऱ्या पारशी समाजाला ते लवकर जाणवले.

कारण काय? अन्न कमी पडले म्हणावे तर उकिरडे मृत जनावरांनी भरलेले होते. कीटकनाशके तपासली, जुळेना. बहुतेकांचा कल नव्या विषाणूकडे होता, आणि तो तर्क वाईट नव्हता. एवढी वेगवान मर साथीचीच असते. पाकिस्तानातल्या पंजाबात अमेरिकेच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन करत होते. बहुतेकांच्या आतड्यांवर, यकृतावर, हृदयावर खडूसारखा पांढरा थर होता, युरिक आम्लाचा. म्हणजे मूत्रपिंडे निकामी. विषाणू नाही, जिवाणू नाही, जड धातू नाहीत. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. गिधाड खाते काय? मेलेली गुरे. मरणाऱ्या गुरांना काय दिले जाते? ते औषधविक्रेत्यांकडे आणि गुरांच्या डॉक्टरांकडे गेले आणि अलीकडे खूप खपू लागलेले, मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल असे औषध कोणते, हे विचारले. उत्तर आले : डायक्लोफेनॅक. आपण गुडघेदुखीला घेतो तेच, लंगडणाऱ्या बैलाला टोचायला स्वस्त झालेले.

मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली 25 गिधाडे तपासली, पंचविसांतही डायक्लोफेनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या 13 मध्ये ते नव्हते. तरी हा पुरावा पुरेसा नाही, कारण सोबत आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. म्हणून पुन्हा सोडता न येण्याजोग्या जखमी गिधाडांना औषध आणि औषध दिलेल्या जनावराचे मांस देऊन पाहिले. ती तशीच, त्याच पांढऱ्या थराने मेली. वर्गात हा भाग आला की विद्यार्थी अस्वस्थ होतात, आणि ते व्हायलाच हवेत; पण त्याशिवाय कुठलेही सरकार बंदी घालणार नव्हते. 2004 मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापले गेले.

त्याच वर्षी आणखी एक गणित प्रसिद्ध झाले. गिधाडे ज्या वेगाने घटत होती त्यासाठी किती सांगाडे विषारी असायला हवेत? एक टक्क्याहूनही कमी पुरतात, असे निघाले. कारण एका मेलेल्या म्हशीवर अख्खा थवा उतरतो, आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, तेव्हा झालेली हानी भरून येत नाही. भारतात प्रत्यक्ष नमुने तपासले तेव्हा सुमारे दहा टक्के सांगाड्यांत औषध सापडले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 2007 पर्यंत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या हजारांत एकावर आली होती.

भारत, पाकिस्तान आणि नेपाळने 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना बाधत नाही असे दाखवले गेले, म्हणून शेतकऱ्याच्या हातात पर्यायही देता आला. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास सुरू होती. मग कळले की माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोहोचतात, कारण त्या एका बैलाला पुरतात. 2015 मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकेरी मात्रेतच विकावे असा नियम झाला. त्यानंतर पाळी असेक्लोफेनॅकची. ते जनावराच्या शरीरात गेले की त्याचे डायक्लोफेनॅकच बनते, असे प्रयोगशाळेत दिसले, आणि 2023 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर आणि केटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावर बंदी आली. दरम्यान टोल्फेनॅमिक ॲसिड हे आणखी एक सुरक्षित औषध 2022 मध्ये तपासून निघाले. गुरांच्या दुखण्यावरची नवी औषधे बाजारात येतच राहतात, आणि त्यांतले प्रत्येक गिधाडाच्या मूत्रपिंडाचे काय करते हे आधी तपासावे, एवढीच या अभ्यासकांची आता सरकारकडे मागणी आहे.